जे दिले, तेच उरले



१८६५ साली कसारा-इगतपुरी घाटमार्गावर रेल्वे सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईचे जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद यांची अफाट संपत्ती लयास गेली. मात्र १८६४ मध्येच त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोऱ्यासाठी चार लाख रुपये दिले होते. १८७८ मध्ये पूर्ण झालेला तो मनोरा आजही त्यांच्या मातोश्री राजाबाईंच्या नावाने उभा आहे.

आज सदरा घेताना कापडाचा पोत न पाहता छापाचे मोल मोजले जाते. वस्त्र विरते, छापही पुसला जातो. श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत सांगते : गरजेपुरते राखावे, अधिकाचे दान करावे.