वादळाची वाट पाहताना
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी झालेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी देवळाच्या पायाभरणीची व दानशूर पूर्वजांची आठवण काढण्याचा आपला प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु आज आम्ही आपणांस अशा एका दिवसाची आठवण देऊ इच्छितो, ज्या दिवशी आपल्या गावात विशेष असे काहीच घडले नाही. तो दिवस म्हणजे ३ जून २०२०.

'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ हरिहरेश्वर व दमण यांच्या दरम्यान किनारा ओलांडील, अशी सूचना हवामान खात्याने आधीच दिली होती. आपली वसई त्या दोहोंच्या मध्ये. आपल्या किनाऱ्यास वादळ नवे नव्हे. १६१८ सालच्या मे महिन्यातील तुफानाने येथील देवळांची केवढी हानी केली, हे जुन्या ग्रंथांत नमूद आहे. २००९ च्या नोव्हेंबरातील 'फयान' तर आपल्या कोळी बांधवांच्या स्मरणात आहेच. परंतु या खेपेस संकट दुहेरी होते. महामारीमुळे देवळांची दारे मार्चपासून बंद होती, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याचा उंबरठा ओलांडणे सोडले होते.

२ जूनच्या दुपारी होड्या वाळूवर ओढून दोरखंडांनी बांधल्या गेल्या. वाडीतील तयार झालेले केळीचे घड उतरविले. कौले नीट बसविली, पाणी भरून ठेविले, मेणबत्त्या काढल्या. एवढे करून झाल्यावर खरा प्रश्न पुढे उभा राहिला. किनाऱ्यालगत पत्र्याच्या छपराखाली राहणारी माणसे, त्यांतील म्हातारीकोतारी व लेकरे, यांनी रात्र कोठे काढावी? आमची घरे पक्की होती. दार उघडावे तर साथीचे भय, न उघडावे तर वादळाचे. आम्ही बराच वेळ नुसता विचारच करीत बसलो, हे आज कबूल केले पाहिजे. शेवटी आमच्यातील एका वृद्ध मावशींनी निकाल दिला, "तोंडाला फडकी बांधा, दूर दूर बसा, खिडक्या जमेल तोवर उघड्या ठेवा, पण दार लावू नका रे बाबांनो."

त्या रात्री तीन घरांची माणसे एका छपराखाली आली. भात व सुकटीचे कालवण सर्वांना पुरले. जपमाळ झाली. बाहेर माड घुसळत होते. झोप कोणासच नव्हती. परंतु कित्येक महिन्यांत प्रथमच आम्ही एकमेकांचे श्वास ऐकत होतो, आणि त्यांचे भय वाटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वार्ता आली की, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यानिशी वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. आपल्याकडे फांद्या मोडल्या, चार कौले उडाली, इतकेच. "देवाने वाचविले!" असे आम्ही म्हणालो. परंतु मागाहून श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा भुईसपाट झाल्याचे ऐकिले, तेव्हा ते उद्गार जड वाटू लागले. सुपारीचे झाड लाविल्यावर फळ धरावयास कित्येक वर्षे लागतात. देवाने वादळ आपल्यावरून उचलून त्यांच्यावर टाकिले, असे कोणता भाविक म्हणेल? आपण बचावलो ही मेहेरबानी खरी. परंतु ती फेडावयाची आहे. त्या वेळी येथून जे धान्य व पैसे गेले, ते ऋणाचा केवळ पहिला हप्ता होते.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते'ची सूचना आली, तेव्हा आमच्यापैकी पुष्कळजण हसले. "गेल्या साली काय झाले?" असे म्हणून कित्येकांनी केळीचे घडही उतरविले नाहीत. वादळाचा मध्य समुद्रातूनच गुजरातेकडे गेला. तरी १७ मे रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, आणि आपल्या वाड्यांतील केळी आडव्या झाल्या. हवामान खाते वादळाची एकच रेघ सांगत नाही; ज्या पट्ट्यात ते कोठेही जाऊ शकेल तो पट्टा सांगते. पट्ट्यातील एक गाव बचावले म्हणून सूचना खोटी ठरत नाही. दहा कुमारिकांच्या दृष्टांतात वर उशिरा आला. तेल भरून ठेवणाऱ्या पाचजणींचे श्रम म्हणून वाया गेले काय?

म्हणून आमची एक नम्र विनंती आहे. हा महोत्सव संपण्यापूर्वी प्रत्येक आळीने बसून ठरवावे, की सूचना येताच कोणते घर उघडावयाचे, चालू न शकणाऱ्यांस कोणी आणावयाचे, आणि एकट्या राहणाऱ्यांची चौकशी कोणी करावयाची. पन्नास वर्षांपूर्वी वडिलांनी आपल्यासाठी देऊळ उभारिले. आपण आपल्या मुलांसाठी निदान एवढे ठेवून जाऊ या, की वादळाच्या रात्री कोणते दार ठोठवावे, हे त्यांस विचारावे लागणार नाही.