चालतो, पण कोठवर?
(ज्ञातिमंडळाच्या सोलापूर येथील वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



गुणगौरव आणि वधूवर-परिचय यांच्या मधला वेळ मला देण्यात आला आहे. माझा विषय सोहळ्याचा नव्हे. आपल्यापैकी काही घरांतील एखादे मूल आज येथे आलेले नाही, आणि ते का आले नाही हे शेजाऱ्यासही ठाऊक नाही. त्या मुलाविषयी मला बोलावयाचे आहे.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नव्हे आणि मातेच्या कुशीचा दोषही नव्हे. गर्भावस्थेत, प्रसूतिसमयी अथवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूस इजा झाली म्हणजे स्नायूंवरील ताबा बिघडतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्राणवायूची टंचाई, तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही त्याची काही कारणे होत. मेंदूतील इजा वाढत नाही. परंतु मूल वाढते, त्याचे वजन वाढते, स्नायू आखडतात, आणि सहाव्या वर्षी जे जमत होते ते बाराव्या वर्षी जमेलच असे नाही. म्हणून अशा मुलाची पाहणी एकदा करून भागत नाही.

व्यायामोपचाराच्या व्यवसायात माझ्या हातून घडलेली एक चूक येथे सांगते. आठ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. माझ्या खोलीतील गुळगुळीत फरशीवर तो आधाराविना दहाबारा पावले टाकी. मी कागदावर ‘चालतो’ असे लिहिले. शाळेने तो कागद पाहिला आणि त्याचा वर्ग वरच्या मजल्यावरच राहू दिला. पुढे कित्येक महिन्यांनी त्याच्या आजीने सांगितले, की पोरगा शाळेत पाण्याचा थेंब घेत नाही. कारण पाणी प्याले की लघवीस जावे लागते, आणि त्यासाठी जिना उतरावा लागतो. माझा शब्द खोटा नव्हता. परंतु त्या शब्दाने एका लेकराला सोलापूरच्या चैत्रातल्या उन्हात तहानलेले ठेवले.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे डॉ. केर ग्रॅहम व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली ४ ते १८ वर्षांच्या अशा मुलांसाठी ‘फंक्शनल मोबिलिटी स्केल’ नावाची श्रेणी प्रसिद्ध केली. तीस यंत्र लागत नाही. मुलास व त्याच्या घरच्यांस प्रश्न विचारावयाचे. अंतरे तीन: ५, ५० व ५०० मीटर, म्हणजे साधारणतः घर, शाळा आणि गाव. प्रत्येक अंतरास एक अंक. चाकाची खुर्ची लागत असल्यास १; आपल्या पांगुळगाड्याचा थोरला भाऊ शोभेल असा वॉकर लागल्यास २; कुबड्या ३; एक वा दोन काठ्या ४; सपाटीवर स्वतंत्र, पण जिन्यास कठडा हवा, तर ५; खडबडीत रस्त्यावर व गर्दीतही स्वतंत्र, तर ६. घरात रांगत असल्यास ‘सी’, आणि ते अंतर मूल पार करीतच नसल्यास ‘एन’.

यातील मर्म असे, की मूल काय करू शकते हे विचारावयाचे नाही. रोज काय करते ते विचारावयाचे. आपल्याकडे गल्लत होते ती येथेच. वडील म्हणतात, “चालतो की हो!” आई खाली पाहते. आजी मात्र खरे सांगते. मोरीपर्यंत तिलाच न्यावे लागते ना!

त्या मुलाचे अंक मी पुन्हा मांडले. घरात तो भिंत धरून जाई. भिंतीचा आधार या श्रेणीत काठीसारखाच धरतात, म्हणून ४. शाळेत ५० मीटर तो जातच नव्हता: एन. सिद्धेश्वराच्या गड्ड्यास बापाच्या खांद्यावरून: पुन्हा एन. ‘चालतो’ या शब्दाच्या जागी ४, एन, एन! वर्ग खाली आला, वॉकर मिळाला, आणि पुढील वर्षी ४, २, १ असे अंक झाले. तो १ पाहून वडील खिन्न झाले. वस्तुतः १ म्हणजे नापास नव्हे. त्या संक्रांतीस मुलाने चाकाच्या खुर्चीत बसून नंदीध्वज पाहिले, आणि परतताना कोठे वळावयाचे ते त्यानेच सांगितले.

थोरलीची सोयरीक जमेपर्यंत धाकट्यास उंबऱ्याबाहेर आणावयाचे नाही, असे ठरविणारी घरेही मला ठाऊक आहेत. तेथला एन पायांचा नसतो, लोकलज्जेचा असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. प्रमाणपत्र अवश्य काढावे. तथापि मुतारी वर्गापासून किती दूर आहे, हे प्रमाणपत्रावरील टक्का सांगत नाही. म्हणून शाळेत जाताना त्याबरोबर हे तीन अंकही न्यावेत, आणि दरवर्षी ते नव्याने मांडावेत.

या सभागृहाच्या दाराशी सात पायऱ्या आहेत. येताना मी मोजल्या. कठडा नाही. पुढील मेळाव्यापूर्वी फळ्यांचा उतार व कठडा करून देण्याचे कार्यवाहांनी कबूल केले आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी भोजनोत्तर मागील खोलीत यावे. मी कागद घेऊन तेथे बसणार आहे. शक्य तर आजींनाही बरोबर आणावे.