हिरड्यांचा विकार, उपचारांचा खर्च आणि विम्याची मर्यादा

(मंडळाच्या खामगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह व शेती या विषयांचा आजवर पुष्कळ ऊहापोह झाला आहे. आज आम्ही ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु त्यापायीच आपल्या कित्येक घरांतील वडीलधारी माणसे ज्वारीच्या भाकरीला पारखी झाली आहेत. हिरड्या मागे सरण्याचा विकार, त्यावरील उपचारांचा खर्च आणि त्या कामी विम्याचा होणारा अथवा न होणारा उपयोग, हा तो विषय होय.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहू. दातांवर रोज एक मऊ थर साचतो. तो वेळीच निघाला नाही म्हणजे कठीण होऊन त्याचे कीटण बनते. त्यायोगे हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते, आतील हाड झिजते आणि हिरडी मुळाकडे सरकू लागते. दात लांब दिसू लागतात, थंड पाण्याने कळ येते आणि अखेरीस दात हलू लागतो. तंबाखूचे सेवन व ताब्यात नसलेला मधुमेह यांनी हा विकार बळावतो. कडक ब्रशने आडवे घासण्यानेही हिरडी झिजते. एकदा मागे सरलेली हिरडी आपोआप पूर्ववत होत नाही, हे नीट ध्यानी घ्यावे.

आपल्या भगिनींमधील मिश्रीचे व्यसन येथे विसरून चालणार नाही. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने 1992 साली बंदी केली. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यासही बंदी आहे. परंतु चुलीवर तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीपर्यंत कायद्याचा हात कसा पोहोचणार? आमच्या वडील भगिनींनी तीस वर्षे मिश्री लावली. दात दुखे तेव्हा ती अधिकच लावीत, कारण तिने ठणका घटकाभर बधिर होतो. पन्नाशीपूर्वीच त्यांचे बहुतेक दात गेले. आज त्या भाकरी दुधात कुस्करून खातात आणि पंगतीत बसण्याचे टाळतात.

आता खर्चाविषयी. आरंभी केवळ कीटण काढणे पुरेसे असते. खाजगी दवाखान्यात त्याचा खर्च साधारणतः काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारांपर्यंत येतो. विकार खोल गेला म्हणजे हिरडीखालील सफाई करावी लागते. त्यापुढे हिरडी उघडून शस्त्रक्रिया करणे किंवा टाळूची त्वचा घेऊन उघड्या मुळावर तिचे रोपण करणे, हे उपाय आहेत. त्यांचा आकार बहुधा दातागणिक वा भागागणिक असून तो हजारांच्या घरात जातो. सोयाबीन-कपाशीच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या कुटुंबास हा खर्च झेपत नाही. मग 'दातच काढून टाका' असा स्वस्त निर्णय होतो आणि पुढे कवळीचा खर्च उभा राहतो.

अनेक बांधवांची अशी समजूत आहे की, 'आमचा आरोग्यविमा आहे, त्यात हे बसेल.' ही समजूत बहुतांशी निराधार आहे. सर्वसाधारण आरोग्यविम्यात दंतोपचार वगळलेले असतात. अपघाताने इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तरच प्रायः भरपाई मिळते. काही विमापत्रांत दवाखान्यातील बाह्य उपचारांची जोड असते, पण तिची रक्कम मर्यादित असते. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी हिरडीच्या शस्त्रक्रियेची देयके मोठ्या आशेने धाडली. ती वगळलेल्या उपचारांच्या कलमाखाली परत आली. ते कलम विमापत्रात छापलेले होते, पण विमा विकणाऱ्याने त्याचा उच्चारही केला नव्हता. यास्तव विमापत्र हाती येताच 'वगळलेल्या बाबी' हे प्रकरण आधी वाचावे. नापसंत असल्यास नवे विमापत्र 30 दिवसांच्या आत परत करता येते. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून उठला आहे. तथापि हप्ता हलका झाला म्हणून विम्याची व्याप्ती वाढली, असे समजू नये.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांखाली कुटुंबास वर्षाला 5 लक्ष रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मुखाचा कर्करोग, जबड्याचे हाड मोडणे अशा मोठ्या दुखण्यांत त्याचा आधार मिळतो. मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठराविक उपचारांसाठी आहे. कीटण काढण्याचा खर्च तीतून निघेल अशी आशा धरू नये.

मग सामान्य माणसाने जावे कोठे? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार विनामूल्य झाले आहेत. जेथे दंतवैद्य नेमलेले आहेत, तेथे प्रथम दाखवावे. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. अकोला आणि अमरावती येथील दंत महाविद्यालयांतही चौकशी करावी. शिक्षणसंस्थांतील आकार खाजगी दवाखान्यांहून बहुधा कमी असतात. फेऱ्या मात्र अनेक होतात, म्हणून गाडीभाडे व बुडणारी मजुरीही हिशेबात धरावी.

या संदर्भात मंडळापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. वार्षिक मेळाव्याच्या दिवशी दंततपासणीचे शिबिर भरवावे. शिक्षणनिधीच्या धर्तीवर एक लहानसा आरोग्य-साहाय्य निधी उभारून त्यातून गरजूंस बिनव्याजी रक्कम द्यावी. आणि विमापत्रे वाचून समजावून देण्यासाठी दोन सुशिक्षित तरुण नेमावेत. लग्नातील आहेर-मानपानाचा थोडा जरी भाग इकडे वळला, तरी हे काम अडणार नाही.

मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, हिरडीकडून दाताकडे हलक्या हाताने घासणे, वर्षातून एकदा दंतवैद्यास दात दाखविणे आणि तंबाखू-मिश्री सोडणे, याहून स्वस्त विमा नाही. त्याचा हप्ता ज्याचा त्यानेच भरावयाचा आहे. आपण सर्वांनी तो आजपासून भरावा, एवढी प्रार्थना आहे.