डॉक्टरांची वेळ, रोग्याची वेळ



काही शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात इतके मुरून जातात की, त्यांच्या अर्थाकडे आपले लक्षच जात नाही. ‘नंबर लावणे’ हा त्यांपैकीच एक. शाळेत नंबर लागतो तो गुणांवर. पिठाच्या गिरणीत लागतो तो डबा ओळीत ठेवल्यावर. ह्या दोन्ही ठिकाणी कोणाचा नंबर कोणानंतर, हे लहान मूलही सांगू शकेल. परंतु डॉक्टरांकडे नंबर लावला म्हणजे नेमके काय पदरात पडले, हे मात्र भल्याभल्यांना सांगता येत नाही. वेळ मिळाली म्हणावे, तर त्या वेळी डॉक्टर आलेले नसतात. जागा मिळाली म्हणावे, तर आपल्या आधी कितीजण आत जातील ह्याचा भरवसा नसतो. आज ह्याच विषयावर मला आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आमच्या इंदूर शहरात होळकरांच्या तुकोजीरावांचे नाव धारण करणारा तुकोगंज हा भाग आहे. एके काळची ही बंगल्यांची आणि झाडांची वस्ती. आज तिच्या, विशेषतः दक्षिण तुकोगंजच्या रस्त्यांनी चालू लागले की, दवाखाने, तपासणीच्या प्रयोगशाळा आणि औषधांची दुकाने ह्यांच्या पाट्या वाचता वाचता मान दुखावी. त्यात नवल नाही. इंदुरास वैद्यकीची परंपरा जुनी आहे. १८७८ साली येथे वैद्यकीय शाळा निघाली आणि १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. देवास, धार, खरगोन, झाबुआ इकडच्या माणसाला गावच्या औषधाने उतार पडला नाही की, तो इंदूरचा रस्ता धरतो. सरवटे बसस्थानकावर उतरून, हातात जुन्या कागदांची पिशवी घेऊन, तो तुकोगंजात येतो आणि एखाद्या दवाखान्याच्या खिडकीशी जाऊन विचारतो, “नंबर मिळेल का?”

उत्तर बहुधा ठरलेले असते. नंबर सकाळी आठ ते नऊ ह्या वेळातच आणि तोही फोनवरच लावावयाचा असतो. आता हा तास कसा जातो, ते ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. आठाला पाच मिनिटे असताना फोन करावा, तर कोणी उचलत नाही. आठ वाजून एक मिनिटाने करावा, तर दुसरे बोलणे चालू असते. नवाच्या सुमारास एकदाचा आवाज येतो, “आजचे नंबर झाले. उद्या सकाळी आठला लावा.” उद्याचा नंबर आजच का लावता येऊ नये, हे विचारण्याच्या आत फोन खाली ठेवलेला असतो. दोन-तीन दिवसांच्या तपश्चर्येनंतर नंबर मिळतो तो सत्ताविसावा, आणि सांगितले जाते, “चार वाजता या.”

चार वाजता तेथे गेल्यावर असे दिसते की, पहिल्या क्रमांकालाही चारच वाजता बोलावले आहे आणि चाळिसाव्यालाही चारच वाजता. डॉक्टर सव्वापाचाला येतात. मग आत जाण्यास सुरुवात होते. परंतु जे आत जातात ते सगळेच बाकावर बसलेले नसतात. कोणाला ‘फक्त रिपोर्ट दाखवावयाचा’ असतो. कोणी डॉक्टरांच्या शेजाऱ्याचा भाचा असतो. औषध कंपनीचे प्रतिनिधी आपली जड बॅग सावरीत, गळपट्टा नीट करीत, नम्रपणे दार ढकलतात. ह्या सर्व काळात पाच नंबर पुढे सरकतात. बाकावरची मंडळी एकमेकांना “आपला कितवा?” असे विचारून घेतात आणि त्या हिशेबातून मिळेल तेवढे समाधान पदरात पाडून घेतात.

येथवरचे वर्णन ऐकून आपल्याला हसू आले असेल. आणि ज्याला साध्या पडशासाठी जावयाचे असते, त्याला हसून हे सोसताही येते. परंतु ह्याची दुसरी बाजू हसण्यासारखी नाही. गेल्या पावसाळ्यात अशाच एका दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर निमाडातून आलेली सत्तरीच्या घरातील एक बाई आणि तिचा मुलगा बसले होते. दवाखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे दवाखाने पुष्कळ आहेत. बाईंना मधुमेह. पहाटे इंसुलिन टोचून त्या निघालेल्या. दुपारी बसस्थानकावर थोडे पोहे खाल्ले तेवढेच. चारचा वायदा साडेसातवर गेला. साडेसातला त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले आणि बोलणे असंबद्ध झाले. शेजारी बसलेल्या एका गृहिणीच्या घरी तेच दुखणे असल्यामुळे तिला चटकन उमगले. तिने पर्समधील खडीसाखर त्यांच्या तोंडात घातली. रक्तातील साखर एकदम खाली गेली होती. कोणीतरी दार ठोठावले, तेव्हा डॉक्टर स्वतः धावत बाहेर आले आणि त्यांनी अत्यंत आस्थेने उपचार केला, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी मुलाला विचारले, “आधी का सांगितले नाही? काही खायला का घातले नाही?” मुलगा म्हणाला, “उठलो असतो तर नंबर गेला असता.”

त्या मुलाच्या ह्या एका वाक्यात ह्या प्रश्नाचे सारे मर्म आहे. मनुष्य थांबण्यास तयार असतो. आपल्या देशात थांबण्याचा अभ्यास कोणाला नाही? रेल्वेच्या प्रतीक्षायादीत आपण आठ आठ दिवस काढतो. परंतु तेथे आपला क्रमांक किती, तो काल किती होता आणि आज किती झाला, हे आपल्याला कळते. ते कळले म्हणजे मनुष्य चहा पिऊन येतो, जेवून येतो, वाटल्यास बेत रद्द करतो. दवाखान्याच्या बाकावर त्याला काहीच कळत नाही. म्हणून तो भुकेला राहतो, पण जागा सोडीत नाही. रोग्याला जो खरा त्रास होतो, तो ह्या अनिश्चिततेचा.

दोष सगळा डॉक्टरांचा आहे, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. सकाळी रुग्णालयातील फेरी, दुपारी शस्त्रक्रिया, मधेच एखादा अत्यवस्थ रोगी, असा ज्याचा दिवस, त्याला घड्याळाशी इमान राखणे अवघड जाते. शिवाय रोग्यांची संख्या पाहा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सदुसष्ट देशांतील प्राथमिक उपचार करणारे डॉक्टर एका रोग्याला किती वेळ देऊ शकतात, ह्याची माहिती एकत्र केली होती. स्वीडनमध्ये तो वेळ साडेबावीस मिनिटे भरला, बांगलादेशात अठ्ठेचाळीस सेकंद. आपला देश ह्या यादीत स्वीडनजवळ नव्हता, हे सांगावयास नकोच. आणि आपणही काही कमी नाही. एका दुखण्यासाठी तीन ठिकाणी नंबर लावून ठेवावयाचा, जेथे आधी लागेल तेथे जावयाचे आणि उरलेल्या दोघांना कळविण्याचे सौजन्य दाखवावयाचे नाही, ही आपली रीत. एका नंबरावर स्वतःची पाठ, पत्नीचे गुडघे आणि धाकट्याचा खोकला दाखविणारे सद्गृहस्थही आपल्यातच आहेत. असे दहा जण आले म्हणजे कंपाउंडरने चाळीसांना चार वाजता बोलावले, ह्याचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

तरीही ही गाठ सुटण्यासारखी नाही, असे नव्हे. ती कशी सोडवावी, हे पुष्कळ वर्षांपूर्वी सांगून झाले आहे. १९५२ साली इंग्लंडमध्ये वेल्च आणि बेली ह्या दोघा अभ्यासकांनी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील प्रतीक्षेचे गणित मांडले आणि ते ‘लॅन्सेट’ ह्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. डॉक्टरांचा एक क्षणही रिकामा जाऊ नये, ह्या धास्तीने रोग्यांची गर्दी आधीच जमवून ठेवली जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी सुचविलेला उपाय साधा होता. एका रोग्याला सरासरी किती वेळ लागतो, तो पाहावा. तेवढ्या तेवढ्या अंतराने एकेकास बोलवावे. आरंभी मात्र दोघांना बोलवावे, म्हणजे कोणी चुकला तरी डॉक्टरांचे काम अडत नाही. आणि डॉक्टरांनी वेळेवर यावे. एका रोग्यास सहा मिनिटे लागत असतील, तर सत्ताविसाव्या माणसाला चार वाजता बोलाविण्याचे काहीही प्रयोजन नाही. त्याला साडेसहाला बोलवावे.

“पण नंबर आधीच आठ दिवसांचे भरलेले असतात, त्याचे काय?” असे कोणी विचारील. ह्याचे उत्तर मी एका शिक्षकाच्या अनुभवातून देतो. माझ्याकडे रोज तीस वह्या तपासणीस येतात आणि मी रोज तीसच तपासतो, असे समजा. आता टेबलावर जुन्या दोनशे वह्यांचा ढीग साचलेला असला काय आणि नसला काय, माझे रोजचे काम तीस वह्यांचेच राहते. फरक एवढाच की, ढीग असला तर मुलाला आठवड्यापूर्वीची वही मिळते आणि तोवर तो आपली चूक गिरवीत राहतो. तेव्हा एकदा चार दिवस जास्त बसून तो ढीग संपवावा आणि पुढे आजचे काम आजच करावे, हे शहाणपणाचे. अमेरिकेतील मार्क मरे नावाच्या डॉक्टरांनी नेमका हाच विचार दवाखान्यांना लावला आणि दिवसातील बराचसा वेळ त्याच दिवशी येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवावा, असे सुचविले. येणारे रोगी आणि तपासणारे हात ह्यांचा मेळच नसेल, तेथे ही युक्ती चालणार नाही, हे खरे. पण मेळ असूनही केवळ सवयीने ढीग वागविणारे दवाखाने काही थोडे नाहीत.

अलीकडे ह्या कामी यंत्राची मदत होऊ लागली आहे. सरकारने २०१५ साली मोठ्या रुग्णालयांसाठी इंटरनेटवरून नाव नोंदविण्याची सोय सुरू केली. २०२२ पासून कित्येक रुग्णालयांत भिंतीवरील चौकोनी ठिपक्यांचे चित्र मोबाईलने टिपले की, केसपेपरच्या रांगेत उभे न राहता नंबर हाती येतो. हे स्वागतार्हच आहे. परंतु निमाडातल्या त्या बाईंजवळ असा मोबाईल नव्हता, आणि असता तरी त्यावर आलेले आकडे वाचून कोण सांगणार? ज्या सोयीमुळे एकाची रांग चुकते, तिच्यामुळेच दुसरा आणखी मागे ढकलला जाऊ नये, एवढी काळजी घेतली पाहिजे.

ह्या ठिकाणी मला संत योहानच्या शुभवर्तमानातील एक कथा आठवते. यरुशलेमात बेथेस्दा नावाचे एक तळे होते. त्याच्या पाच ओसऱ्यांवर आंधळे, लंगडे, लुळे असे पुष्कळ रोगी पडून असत. तळ्याचे पाणी हलले की, जो पहिल्याने आत उतरेल तो बरा होतो, अशी समजूत होती. तेथे अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य होता. येशूने त्याला बरे होण्याची इच्छा आहे काय, असे विचारले, तेव्हा त्याने गाऱ्हाणे केले ते आपल्या रोगाचे नव्हे. आपल्याला पाण्यात सोडावयास कोणी माणूस नाही आणि आपण जाईपर्यंत दुसराच कोणी आधी उतरतो, हे त्याचे दुःख होते. वरून पाहता तेथील नियम किती न्याय्य! जो पहिला, त्याला लाभ. पण ज्याला उचलून नेणारे कोणी आहे, तोच पहिला होणार. आपल्याकडेही दवाखान्यात निघालेल्या माणसाला घरचे पहिल्याने काय विचारतात? “तिथे आपला कोणी माणूस आहे का?” असला तर नंबर लागतो. नसला तर बाक आहेच.

दवाखान्यात ‘आपला माणूस’ असण्याची कोणालाही गरज पडू नये, एवढेच माझे मागणे आहे. आणि त्याला मोठा खर्च येत नाही. दारावर एक फळा लावावा. त्यावर डॉक्टर आज किती वाजता बसणार आणि आता कितवा नंबर चालू आहे, हे ठळक अक्षरांत लिहावे. उशीर होणार असेल, तर तासभर आधी निरोप द्यावा. बाहेरगावच्या गाडीने येणाऱ्यांसाठी पाच-सहा नंबर रोज राखून ठेवावेत. तान्ही मुले, गर्भवती स्त्रिया, मधुमेहाचे आणि वयोवृद्ध रोगी ह्यांना आधी घ्यावयाचे असेल, तर तसा नियम सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा. म्हणजे सवलत ही मेहेरबानी राहणार नाही. रिपोर्ट दाखविणाऱ्यांची वेळ वेगळी ठेवावी. आणि आपण रोग्यांनी, येणे होत नसेल तर एक फोन करून आपला नंबर दुसऱ्यास मोकळा करून द्यावा.

हे आपल्याकडे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी इंदूरचेच उदाहरण देईन. २०१७ पासून वर्षानुवर्षे ह्या शहराने स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक राखला. रोज सकाळी गाणे वाजवीत कचऱ्याची गाडी दाराशी येते, आणि तिची वेळ गल्लीतल्या पोराबाळांनाही ठाऊक असते. म्हणूनच ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा करून गृहिणी तयार राहतात. गाडी वेळेवर येते ह्या विश्वासावर सारे शहर शिस्त शिकले. ज्या गावाने कचऱ्याची वेळ पाळून दाखविली, त्याला आजारी माणसाची वेळ पाळणे अशक्य आहे, असे मला वाटत नाही. तुकोगंजातल्या एखाद्या डॉक्टरांनी उद्या आपल्या दारावर तो फळा लावला, तर बाकावर बसलेली कोणी म्हातारी निर्धास्तपणे उठून चार घास खाऊन येईल. आजच्या पुरते तेवढेच पुष्कळ आहे.