बुडालेल्या गावांचे ऋण

(येडगाव येथे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



कुकडीकाठी पुस्तकांविषयी बोलताना विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ प्रथम आठवते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीचा विषयच धरणग्रस्तांची परवड हा आहे.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांनी दूरदूरची शिवारे भिजवली. मात्र डिंभ्याच्या जलाशयात मूळ आंबेगाव बुडाले. शासनदरबारी अशा गावाची नोंद बुडीत क्षेत्र आणि मोबदला एवढीच उरते. ग्रामदैवताचे देऊळ, आजोबांनी लावलेला आंबा, लेकीचे माहेर यांचे मोल कोणत्या रकान्यात मांडायचे? तो रकाना साहित्यिक भरतो. पाटील स्वतः प्रशासकीय अधिकारी होते. तरीही टेबलापलीकडच्या माणसाची व्यथा त्यांनी मांडली, हे विशेष.

धरणे नकोत, असा याचा अर्थ नव्हे. परंतु आपल्या उसाला मिळणाऱ्या पाण्याची किंमत कुणीतरी आपले गाव देऊन चुकवली आहे. ‘झाडाझडती’ केवळ विस्थापितांनी नव्हे, तर पाणी मिळालेल्यांनी आधी वाचावी. ऋणाची जाणीव झाली, तरच ते फेडण्याची बुद्धी होते.