पाण्याचा पुरोहित कोण होणार?

(दुर्गापुरा, जयपूर इथे मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय कळल्यावर दोघातिघांनी विचारलं, "ताई, पीएचडी सोडून गेमवर बोलणार?" हो, गेमवरच बोलणार आहे. त्या गेममध्ये पुरोहित आहे, आणि पुरोहित आला की आपला विषय आलाच.

इथे टोंक रोडवर क्लास म्हटलं की कोचिंग. आम्हा समाजशास्त्रवाल्यांना क्लास म्हणजे वर्ग. आणि ज्यांच्या हॉस्टेलवर रात्री फासे पडतात त्यांच्यासाठी क्लास म्हणजे आपल्या पात्राचा पेशा : लढवय्या, जादूगार, चोर, पुरोहित. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन तीत शिरतात, आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात.

१९८९ च्या आवृत्तीचा साधा नियम बघा. शहाणपण या गुणासाठी तीन फासे टाकायचे. बेरीज ९ किंवा जास्त आली की पुरोहित होता येतं. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी १६० मध्ये हे जमतं. बाप कोण, आडनाव काय, कुणी विचारत नाही.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. त्याच आवृत्तीत बुटक्यांच्या वंशात जन्मलेल्याला जादूगार होता येत नाही. १९८१ च्या पेटीत तर 'बुटका' हाच पेशा होता. माणसाला लढवय्या, चोर, पुरोहित यातलं काहीही निवडता येई. बुटका जन्मला की बुटक्याचंच काम करायचं. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीची व्याख्या केली आहे : जात म्हणजे दारं बंद करून घेतलेला वर्ग. दार आधी पुरोहित वर्गाने लावून घेतलं आणि बाकीच्यांनी त्याचं अनुकरण केलं, असं ते सांगतात. ती पेटी समोर ठेवली तर हा मुद्दा एम.ए.च्या पोरांना दहा मिनिटांत समजतो. मी शिकवून पाहिलं आहे.

जन्मानुसार पेशाची बंदी २००० च्या आवृत्तीत उठली. २०२४ मध्ये 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला आणि गुणांची वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्यावर ठरू लागली. त्या यादीत शेतकरी आहे, कारागीर आहे, आणि सरदारही आहे. सरदार हे पूर्वायुष्य कसं, तो जन्मच नाही का? हा प्रश्न तुमच्यासाठी सोडते.

आता मूळ मुद्दा. १९९१ साली याच खेळात 'डार्क सन' नावाचं जग आलं. तिथला ग्रह अथास. जादूगारांनी झाडाझुडपांतला जीव शोषून घेतला आणि जमीन वाळवंट झाली. राजस्थानात राहणाऱ्याला हे फार समजावून सांगायला नको. या जगात देव नाहीत. म्हणून पुरोहित देवाचा नसतो, तो पृथ्वी, वारा, आग किंवा पाणी यांपैकी एका महाभूताचा असतो. देवाशिवाय पुरोहित ही कल्पना मला फार उपयोगी वाटते, कारण देव बाजूला काढला की पुरोहिताची सत्ता नेमकी कशात आहे ते उघडं पडतं. वाळवंटात पाणी ज्याच्या हातात, त्याच्या दारात लोक उभे राहतात.

आपल्याकडे पाण्याचे पुरोहित काय करत होते? महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक तिथे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून १०८ घागरी तळ्यात ओतल्या, मंत्र म्हटले, आणि पाणी 'शुद्ध' झाल्याचं जाहीर केलं. खेळातला पुरोहित निदान नसलेलं पाणी निर्माण करतो. इथल्याने असलेल्या पाण्यात शेण ओतलं आणि ते कोणाचं नाही हे सांगितलं. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

मग पुरोहिताचा पेशा सर्वांना खुला केला की झालं का? बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त, म्हणजे लाहोरला करू न दिलेल्या भाषणात, आधी म्हटलं की पुरोहितशाही संपवलेलीच बरी. ते अशक्य दिसत असेल तर निदान ती वंशपरंपरेने चालता कामा नये. सरकारने परीक्षा घ्यावी, सनद द्यावी. सनद नसलेल्याने केलेला विधी कायद्याने ग्राह्य धरू नये. पुरोहित सरकारी नोकर असावा, त्याच्यावर शिस्तीची कारवाई व्हावी आणि त्यांची संख्याही कायद्याने ठरावी. आपण परीक्षेपाशी थांबतो, कारण परीक्षा आपल्या ओळखीची आहे. संख्या आणि शिस्त हे कोणी वाचत नाही.

पंढरपूरला २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले, आणि मंदिर समितीने जातीची अट न ठेवता अर्ज मागवले. तमिळनाडूत १९७० चा कायदा झाल्यानंतर सर्व जातींतल्या प्रशिक्षित अर्चकांच्या नेमणुका व्हायला २०२१ उजाडलं. दार उघडायला इतका वेळ लागतो.

एक आक्षेप मला मान्य आहे. 'डार्क सन'मध्ये टेम्पलर नावाचा आणखी एक पुरोहित आहे. तो राजाचा नोकर, मंत्रशक्तीही राजाकडूनच मिळते, आणि शहरात पोलीस नि कारकून तोच. सरकारी पुरोहित असा होणार नाही कशावरून? बाबासाहेबांचा पुरोहित इतर नागरिकांसारखाच देशाच्या कायद्याखाली आहे. टेम्पलरच्या वर फक्त राजा आहे. पण कायद्याच्या दारातच कोण उभं आहे हे या शहरात विसरता येत नाही. इथल्या उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याला काळं फासणाऱ्या दोन बाया औरंगाबादहून आल्या होत्या.

म्हणून आपण जो खेळ लिहायचं ठरवतोय त्यात पाण्याचा पुरोहित ठेवूया, पण नियम बदलून. सनद गावसभा देईल आणि काढूनही घेईल. शंभर घरांमागे किती पुरोहित, हे खेळ सुरू होण्याआधी ठरेल. पाणी नाकारलं तर त्याची शक्ती त्या दिवसापुरती जाईल. आग आणि वाऱ्याचं काय करायचं ते तुम्ही सुचवा. महागडी पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. मूळ नियमांचा मोठा भाग कंपनीने २०२३ च्या जानेवारीत मोफत वापरायला खुला केला आहे. त्याचं मराठी करायला तिघं हवेत. फासे मी आणते.