चामड्यातले रिव्हेट, टिचबटण आणि आयलेट : नवशिक्यांसाठी

(रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात रेल्वे व टपाल कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जणांना नवल वाटले असेल. कामगारांच्या सभेत महागाई भत्ता, रिक्त जागा, खासगीकरण यांवर बोलायचे, आणि आम्ही मात्र हातोडी, पंच आणि चामड्याचे तुकडे घेऊन उभे आहोत. परंतु पट्टा तुटलेली पिशवी काखोटीला मारून दिवसभर फिरणे काय असते, हे ज्याने भोगले त्याला या विषयाची ओळख करून देण्याची गरज नाही. बीटवर निघालेल्या पोस्टमनच्या खांद्यावर पत्रे असतात, पार्सले असतात, मोबाइल असतो, आणि २०१८ साली पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाल्यापासून लोकांच्या दारात मोजून द्यायची रोकडही असते. पिशवीचे बटण सुटले आणि रोकड कमी भरली, तर ती कोणाच्या खिशातून भरली जाते हे आम्ही सांगायला नको. रुळावरून चालणाऱ्या कीमनचेही तेच. हातोडा, पाना आणि झेंडे सांभाळणारा पट्टा ऐन पुलावर तुटला तर काय होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच बोलून टाकतो. या वस्तीचे नाव ब्राह्मणपारा. भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणूस या मुलखात आहे, आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात नोकरीच्या निमित्ताने आणखी आला. तो सोबत आपले सण आणि आपली भाषा घेऊन आला, तसे चामड्याला हात न लावण्याचे सोवळेही घेऊन आला. चामड्याची चप्पल पायात चालते, चामड्याचे पाकीट खिशात चालते, फक्त ते शिवणारा हात ओट्यावर चालत नाही! हा विटाळ आपल्या संघटनेत कधी मानला गेला नाही. घरात मात्र अजून लपून बसलेला असतो. म्हणून आजचे काम मुद्दाम इथे, या वस्तीत, चटईवर बसून करायचे आहे.

आता कामाकडे वळू. जोडणीच्या जिनसा तीन. दोन थर कायमचे एकत्र धरतो तो रिव्हेट. उघडता-मिटता येते ते टिचबटण. दुकानदार त्याला प्रेस बटण किंवा स्नॅप म्हणतो. आणि भोकाची कड फाटू नये म्हणून भोकात बसवतात ते धातूचे कडे, म्हणजे आयलेट. मोठ्या आयलेटला खालून वेगळा वॉशर असतो, त्याला ग्रोमेट म्हणतात. ताडपत्रीच्या कडेला दोरी ओवण्यासाठी असते ते तुम्ही रोज मालधक्क्यावर पाहता.

रिव्हेट म्हणजे काय हे वॅगन दुरुस्ती कारखान्यातल्या बंधूंना आम्ही सांगावे असे नाही. तिथे रिव्हेट लाल तापवून ठोकतात; तो ठोकताना भोकात फुगतो आणि थंड होताना आखडून दोन्ही पत्रे आवळून धरतो. हावड्याचा पूल १९४३ पासून असल्याच रिव्हेटांवर उभा आहे. चामड्यातला रिव्हेट थंडच ठोकतात, आणि इथे पोलादातली सवय थोडी विसरावी लागते. पोलादी पत्रा दबत नाही, चामडे दबते. जास्त आवळले तर रिव्हेटची टोपी चामड्यात रुतते आणि तिच्या कडेनेच चामडे कापले जाते.

कापडावर रिव्हेट मारण्याची कल्पना मुळात कामकऱ्यासाठी निघाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत रेनो गावच्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याकडे एका लाकूडतोड्यासाठी न फाटणारी विजार शिवण्याचे काम आले. घोड्यांच्या झुलींना वापरायचे तांब्याचे रिव्हेट त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. पुढे त्याने कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्राउस यांना भागीदार केले आणि २० मे १८७३ रोजी दोघांना त्याचे पेटंट मिळाले. आज जीन्स घालून मिरवणाऱ्या पोरांच्या खिशावरचा तो ठिपका लाकूडतोड्याचा आहे. टिचबटण थोडे उशिराचे. १८८५ साली जर्मनीत हेरिबर्ट बाउअर याने त्याचे पेटंट घेतले.

खरे काम भोकात आहे. नवशिका नेमकी इथेच घाई करतो. खिळा ठोकून किंवा चाकूची चीर देऊन भोक पाडतो आणि वर झकास रिव्हेट मारतो. चार महिन्यांत त्या चिरेच्या टोकापासून पट्टा फाटत जातो. रेल्वेवाल्यांना हे समजायला वेळ लागू नये. फिशप्लेटच्या बोल्टच्या भोकापासून रुळाला तडा जातो तो का? ताण भोकाच्या कडेशी गोळा होतो, आणि कडेला ओरखडा किंवा कोपरा असला की तिथून तडा पळतो. चामड्याचेही तसेच. भोक गोल हवे, स्वच्छ हवे, धारदार पंचाने एका ठोक्यात पाडलेले हवे. पंचाखाली लाकडाचा ओंडका किंवा जाड रबर ठेवा; लोखंडावर पंच मारला तर त्याची धार पहिल्याच दिवशी जाते. भोक कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत घ्या. आणि पट्ट्याच्या रुंदीत दोन भोके शेजारी-शेजारी घेऊ नका. दोन रिव्हेट मारायचे तर एकामागे एक मारा. रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त चामडे भोकात जाऊ द्यायचे नाही, हा आमचा ठोकताळा.

दुकानात सर्वांत जास्त मिळतो तो दोन टोप्यांचा रिव्हेट. एका टोपीला पोकळ दांडी असते, दुसरी टोपी त्या दांडीवर बसते. दांडीची लांबी निवडणे हेच त्यातले कौशल्य. चामड्याचे दोन्ही थर हाताने दाबून धरले की दांडी सुमारे तीन मिलिमीटर वर दिसली पाहिजे. जास्त लांब असली तर ठोकताना ती आत वाकते. वरून सगळे ठीक दिसते आणि आठवड्यात टोपी डुगडुगते. आखूड असली तर टोपी धरतच नाही. रिव्हेटची खालची टोपी ऐरणीच्या खळग्यात बसवा, वर खोलगट तोंडाची ठोकणी सरळ उभी धरा आणि लाकडी मोगरीने दोन-तीन नेमके ठोके द्या. पोलादी हातोड्याने ठोकणीचे डोके पसरते, म्हणून मोगरी. ठोकणी तिरपी झाली की टोपीही तिरपी बसते, आणि ती मग सरळ होत नाही. काढून नवी घालावी लागते.

मात्र वजन पेलणाऱ्या जागी, म्हणजे खांद्याच्या पट्ट्याला आणि हत्याराच्या पिशवीला, आम्ही दोन टोप्यांचा रिव्हेट वापरू देणार नाही. तिथे तांब्याचा भरीव रिव्हेट आणि त्याचा वॉशरच हवा. रिव्हेट खालून घालायचा, वरून वॉशर दांडीवर घट्ट खाली बसवायचा, उरलेली दांडी पक्कडीने कापून वॉशरवर दोन मिलिमीटर ठेवायची, आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके देत तिचे घुमटासारखे डोके करायचे. इथे मोगरी चालत नाही. जोराचा एकच घाव घातला तर दांडी वाकते. हलके वीस-पंचवीस ठोके घातले तर ती पसरते. वेळ लागतो, पण हे काम वर्षानुवर्षे टिकते.

टिचबटणाचे भाग चार असतात आणि नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो. वरच्या झाकणाला बाहेरून टोपी आणि आतून वाटी. खालच्या अंगाला बाहेरून बोंडी आणि आतून तिला धरणारी दांडी. चारही भाग ठोकण्यापूर्वी कोरडेच एकमेकांवर ठेवून पाहा, बोंडी वाटीत अडकते ना ते बघा, मगच मोगरी उचला. दुकानात माप ‘लाइन’मध्ये सांगतात. चाळीस लाइनींचा एक इंच. म्हणजे २४ लाइनचे बटण सुमारे १५ मिलिमीटरचे. पिशवीला ते पुरते. ठोकणी मात्र त्याच मापाची घ्या.

बटणाची दांडी आखूड असते. जाड चामडे तिच्यात मावत नाही, आणि मग लोक जोर लावून ठोकतात. जोराने वाटी चेपते, आतली स्प्रिंग बिघडते आणि बटण एक तर लागत नाही किंवा लागले तर सुटत नाही. उपाय साधा आहे. बटणाच्या जागी चामडे मागच्या बाजूने रापीने तासून पातळ करायचे. उलट, चामडे फारच मऊ आणि पातळ असेल, तर मागे एक तुकडा चिकटवून मग बटण मारायचे. दोन्ही अर्धांची जागा पट्टीने मोजून ठरवू नका. वरचा अर्धा आधी बसवा, पिशवी नेहमीप्रमाणे भरा, वाटीला खडू लावून झाकण दाबा. जिथे ठसा उमटेल तिथे खालची बोंडी. रिकाम्या पिशवीवर मोजलेले बटण भरलेल्या पिशवीला कधीच पोचत नाही.

आयलेटचे भोक त्याच्या नळीपेक्षा किंचित घट्ट ठेवावे. नळी चामड्यावर दीड-दोन मिलिमीटर वर आली पाहिजे, वॉशरची फुगीर बाजू वर हवी, आणि ठोकणीने नळीची कड बाहेर गोल वळली पाहिजे. कड चिरली तर समजा, नळी लांब होती किंवा हात जड होता. चिरलेल्या कडेत दोरी घासून तुटते. कॅनव्हासमध्ये मात्र पूर्ण भोक पाडू नका. लहान भोक पाडून आरीने धागे बाजूला सारा. धागे जितके शाबूत, तितके आयलेट पक्के.

धातू कोणता घ्यावा, हा प्रश्न नेहमी येतो. बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेल्या चामड्यात लोखंडाचे काही घालू नका. त्या कषायाशी लोखंडाचा संयोग होऊन काळे डाग पडतात. ते जात नाहीत, आणि पावसाळ्यात लोखंडही गंजते. पितळ घ्या. तेलकट चामड्यात पितळेवर आणि तांब्यावर हिरवा थर येतो, तो कोरड्या फडक्याने पुसला जातो. स्वस्त मालात लोखंडावर पितळी मुलामा असतो; दुकानात जाताना लहान लोहचुंबक खिशात ठेवा, दुकानदार काय बोलतो ते बाजूला राहील.

इथे कोल्हापुरी चपलेची आठवण होते. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरीत खिळा नसतो, रिव्हेट नसतो. चामड्याच्या वादीनेच सगळे शिवलेले असते. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन २०१९ साली मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने तशाच चपला मिलानमध्ये मिरवल्या, तेव्हा आधी कोल्हापूरचे नाव कोणी घेतले नाही; ओरड झाल्यावर घेतले. आज आम्ही शिकवतो आहोत तो धातूचा सोपा रस्ता आहे. वादीचे काम पिढ्यांचे आहे, ते एका दुपारी येत नाही.

ऐरणीबद्दल एक सूचना. रुळाचा तुकडा ही ऐरण म्हणून उत्तम वस्तू आहे आणि ती कुठे पडलेली असते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण तो रेल्वेचा माल आहे. बेकायदा ताब्याबद्दलचा १९६६ चा कायदा तुकडा लहान की मोठा हे पाहत नाही, आणि हातभर लोखंडासाठी नोकरी घालवण्यात शहाणपणा नाही. लिलावात निघालेल्या भंगाराचा, पावतीसह मिळाला तर घ्या. नाही तर जाड लोखंडी पाट पुरतो. तसेच टपालाच्या थैल्या आणि खात्याने दिलेल्या पिशव्या यांना परवानगीशिवाय भोक पाडू नका. हात बसवायचा तो स्वतःच्या पिशवीवर.

काही भगिनींनी विचारले की यातून चार पैसे मिळवता येतील का. येतील. मात्र नोकरीत असलेल्याने स्वतः धंदा करायचा नाही. रेल्वेच्या १९६६ च्या आणि केंद्र सरकारच्या १९६४ च्या, अशा दोन्ही वर्तणूक नियमांत पंधरावा नियम त्यासाठीच आहे. घरच्या माणसाने धंदा केला तर तो खात्याला लेखी कळवावा लागतो. कळवलेले असले की कोणी चिठ्ठी टाकून तुम्हाला अडकवू शकत नाही. कळवा, आणि पोच घ्या.

भावाबद्दलही बोलले पाहिजे. स्टेशनच्या दारात बसणारा मोची बटण बसवण्याचे पैसे सांगतो आणि आपण, वेतन आयोगासाठी घोषणा देणारे लोक, त्याच्याशी पाच रुपयांवरून घासाघीस करतो. त्याला महागाई भत्ता नाही, रजा नाही, ऊन-पावसात छप्पर नाही. आजचे दहा रिव्हेट स्वतः ठोकून झाल्यावर तो भाव जास्त आहे का, ते पाहा. आणि तुमची मुले हे काम करू लागली तर त्यांच्या गिऱ्हाइकाने कसे वागावे असे वाटेल, तेही पाहा.

आता चटईवर या. प्रत्येकाला चामड्याच्या दोन पट्ट्या, सहा रिव्हेट आणि दोन बटणे मिळतील. पहिले तीन रिव्हेट टाकाऊ तुकड्यावर मारा, मग पक्कडीने उचकटून आतली दांडी वाकली की सरळ बसली ते पाहा. चष्मा असेल तर घाला. तांब्याची दांडी कापताना तुकडा उडतो. रापी लहान मुलांच्या हाती जाऊ देऊ नका. पंच आठच आहेत, तेव्हा रांग लावा. पोस्टाची आणि रेल्वेची वेगवेगळी नको, एकच.